इमाम गझालींचा तराजू

धर्मजीवनात 'मध्यम मार्ग' या शब्दाला आपण फारसा मान देत नाही. जो उपवास अर्धवट पाळतो, प्रार्थनेला मनात आले तरच जातो आणि कोणत्याही प्रश्नावर ठाम बोलत नाही, अशा माणसाला आपण सौम्यपणे 'मध्यममार्गी' म्हणून मोकळे होतो. भक्तीची धग कमी झाली की माणूस आपोआप मध्यावर येतो, अशी आपली समजूत असते. इस्लामचा इतिहास वाचताना ही समजूत पुन्हा तपासून पाहावी लागते. तेथे समतोल ही श्रद्धेनेच माणसाकडून मागितलेली एक कठीण साधना आहे. या साधनेची किंमत ज्यांनी मोजली, त्यांत अकराव्या शतकातील इमाम अबू हामिद अल-गझाली यांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते. त्यांची कहाणी मुस्लिम बांधवांच्या इतिहासातील असली, तरी ती वाचता वाचता आपलेही अंतःकरण तपासायला लावते.

मूळ शिकवण

कुराणाच्या दुसऱ्या अध्यायातील १४३ व्या वचनात श्रद्धावंतांच्या समाजाला 'वसत' हे विशेषण लावले आहे. मधला, न्यायी, उत्तम असे त्याचे अर्थ भाष्यकारांनी केले आहेत. पंचावन्नाव्या अध्यायात परमेश्वराने आकाश उंचावले आणि तराजू मांडला असे सांगून मापात कमीजास्त न करण्याची आज्ञा दिली आहे. बाजारातील तराजू आणि विश्वाचा तराजू यांना एकाच दमात आणणारी ही कल्पना इस्लामी विचारात खोलवर रुजलेली आहे.

प्रेषित महंमद यांच्या आठवणींच्या संग्रहांना हदीस म्हणतात. त्यांत एक प्रसंग येतो. तिघे जण प्रेषितांच्या घरी त्यांच्या उपासनेची चौकशी करण्यास आले. जे ऐकले ते त्यांना आपल्यासाठी अपुरे वाटले. एकाने रात्रभर प्रार्थना करण्याचा, दुसऱ्याने रोजचा उपवास धरण्याचा, तर तिसऱ्याने आजन्म अविवाहित राहण्याचा निश्चय केला. प्रेषितांना हे कळले तेव्हा ते म्हणाले, की आपण देवाचे भय सर्वांहून अधिक बाळगतो. तरीही आपण उपवास धरतो व सोडतोही, प्रार्थना करतो व झोपतोही, आणि संसारही करतो.

दुसरी आठवण पर्शियन सलमान यांची आहे. इस्लाम स्वीकारण्यापूर्वी ते ख्रिस्ती धर्मगुरूंच्या सहवासात राहिले होते, असे परंपरा सांगते. आपले मित्र अबू दर्दा यांच्या घरी गेले असता त्यांना त्यांची पत्नी अगदी मलूल वेशात दिसली. पतीला या जगातील कशाचीच गरज उरलेली नाही, हे तिचे उत्तर होते. सलमान यांनी मित्राला आग्रहाने जेवू घातले, रात्री झोपायला लावले आणि पहाटेच्या सुमारास प्रार्थनेसाठी उठवले. देवाचा तुझ्यावर हक्क आहे, तसा तुझ्या शरीराचा आणि घरच्या माणसांचाही आहे, असे त्यांनी मित्राला समजावले. प्रेषितांनी सलमान यांचे म्हणणे उचलून धरले. घरातील स्त्रीच्या मळक्या वस्त्रांवरून पतीच्या भक्तीची परीक्षा करणारी ही कथा कोणत्याही धर्मातील कुटुंबाने मनात ठेवावी अशी आहे.

पारडे झुकले तेव्हा

अशी शिकवण असूनही तराजूचे पारडे झुकायला फार काळ लागला नाही. इ. स. ६५७ मध्ये सिफ्फीन येथे चौथे खलिफा अली आणि सिरियाचे सुभेदार मुआविया यांच्या सैन्यांची गाठ पडली. लवादाने तंटा मिटवावा असे ठरले, तेव्हा अलींच्या सैन्यातील एक गट फुटून बाहेर पडला. निर्णय केवळ देवाचा, माणसांना लवाद नेमण्याचा अधिकार नाही, असा त्याचा दावा होता. या लोकांना पुढे खारिजी, म्हणजे बाहेर पडलेले, असे नाव मिळाले.

खारिजी ढोंगी नव्हते, ही यातील खरी शोकांतिका आहे. प्रार्थना, उपवास व पठण यांत त्यांचा हात धरणारा क्वचितच सापडे. मात्र ज्याच्या हातून मोठे पाप घडले तो मुसलमानच उरत नाही, असे ते मानू लागले. मुस्लिम इतिहासकारांनी त्यांच्याविषयी एक भयंकर हकिकत नोंदवून ठेवली आहे. वाटेत झाडाखाली पडलेला एक खजूर त्यांच्यातील एकाने तोंडात टाकला, तेव्हा मालकाला दाम न देता खाल्ला म्हणून सोबत्यांनी त्याला तो थुंकायला लावले. एका गैरमुस्लिम माणसाचे डुक्कर मारले गेले, तर त्याचीही भरपाई केली. आणि त्याच वाटेवर प्रेषितांच्या एका सहकाऱ्याचा पुत्र अब्दुल्ला इब्न खब्बाब आणि त्याची गर्भवती पत्नी यांना, केवळ मताचे उत्तर पटले नाही म्हणून, त्यांनी ठार केले. एका खजुराचे वजन अचूक करणाऱ्या हातांना माणसाच्या जिवाचे वजन करता आले नाही. इ. स. ६६१ मध्ये कूफा येथील मशिदीत खलिफा अलींवर विषारी तलवारीचा घाव घालणाराही खारिजीच होता.

अतिरेक केवळ भाविकांच्याच वाट्याला येतो असे नाही. इ. स. ८३३ मध्ये बगदादचा खलिफा मामून याने विद्वानांची कसून चौकशी आरंभली. मामून विद्याप्रेमी होता, ग्रीक ग्रंथांच्या अरबी भाषांतरांना त्याने उदार आश्रय दिला होता. कुराण हे देवाने निर्माण केलेले आहे, अनादी नाही, असे मुतझिला नावाच्या बुद्धिवादी पंथाचे मत होते. ते प्रत्येक न्यायाधीशाने मान्य करावे असा त्याने हुकूम काढला. नकार देणाऱ्या अहमद इब्न हनबल यांना तुरुंगात टाकण्यात आले आणि मामूननंतरच्या खलिफाच्या काळात चाबकाचे फटके मारण्यात आले. हा छळ सुमारे दीड दशक चालला. बुद्धीच्या नावाने उगारलेला चाबूकही चाबूकच असतो, हा धडा त्या काळाने दिला.

बगदादचा आचार्य

या दोन टोकांची आठवण ताजी असलेल्या जगात, साधारणतः १०५८ मध्ये, इराणच्या खोरासान प्रांतातील तूस येथे गझालींचा जन्म झाला. वडील लवकर वारले. निशापूरला अल-जुवैनी या थोर पंडिताच्या हाताखाली त्यांचे शिक्षण झाले. सेल्जुक सुलतानांचा वजीर निजाम-उल-मुल्क याने त्यांची विद्वत्ता हेरली आणि १०९१ मध्ये बगदादच्या निजामिया मदरशात त्यांना प्रमुख अध्यापक नेमले. वयाची पस्तिशी उलटण्यापूर्वीच त्यांच्या पायांशी तीनशे विद्यार्थी बसू लागले.

तत्त्वज्ञांचे खंडन करावे असे त्यांच्या मनात आले, तेव्हा त्यांनी स्वतःवर एक बंधन घालून घेतले. ज्या मताचे खंडन करायचे, ते मत त्याच्या पुरस्कर्त्यांइतकेच, किंबहुना त्यांच्याहून अधिक, समजल्याशिवाय लेखणी उचलायची नाही. त्यासाठी अध्यापनातून उरलेल्या वेळात त्यांनी सुमारे दोन वर्षे तत्त्वज्ञांचे ग्रंथ वाचले आणि नंतर आणखी जवळजवळ एक वर्ष त्यांवर मनन केले. तत्त्वज्ञांच्या मतांची सरळ मांडणी करणारा 'मकासिद अल-फलासिफा' आणि त्यांचे खंडन करणारा 'तहाफुत अल-फलासिफा' हे दोन्ही ग्रंथ त्यांच्या नावावर आहेत. प्रतिपक्षाचे म्हणणे आधी न्यायाने मांडायचे, ही त्यांच्या तराजूची पहिली खूण होय.

'श्रद्धेतील मध्यम मार्ग' असा ज्याच्या नावाचा अर्थ होतो तो 'अल-इक्तिसाद फिल-इतिकाद' हा ग्रंथही याच काळातला. शब्दाला चिकटून बुद्धीचे दार लावून घेणारे एका टोकाला आणि बुद्धीच्या भरवशावर प्रकटीकरणाला बाजूला सारणारे दुसऱ्या टोकाला, असे चित्र त्यांनी त्यात रेखाटले आहे. बुद्धी हा निरोगी डोळा आणि कुराण हा सूर्याचा प्रकाश, असा त्यांचा दृष्टांत आहे. भर उन्हात डोळे मिटून बसणारा आंधळ्यासारखाच, आणि अंधारात डोळे ताणणाऱ्यालाही काही दिसणार नाही.

पुस्तकात मांडलेला समतोल आयुष्यात उतरवणे मात्र निराळे. १०९२ मध्ये निजाम-उल-मुल्कची हत्या झाली आणि काही आठवड्यांतच सुलतानही वारला. राजसत्तेच्या आधाराने उभ्या असलेल्या आपल्या वैभवाकडे गझाली नव्या नजरेने पाहू लागले. आपण शिकवतो ते देवासाठी की कीर्तीसाठी, या प्रश्नाने त्यांना पछाडले. १०९५ च्या उन्हाळ्यापासून सहा महिने ते द्विधा मनःस्थितीत होते. एके दिवशी वर्गात त्यांची वाचाच बसली. अन्न गिळेना. हा रोग हृदयातला आहे, आमच्या औषधांचा येथे उपयोग नाही, असे सांगून वैद्यांनी हात टेकले. अखेरीस कुटुंबाच्या निर्वाहाची तजवीज करून, उरलेली संपत्ती वाटून टाकून त्यांनी बगदाद सोडले.

ते दमास्कसला आले. तेथील मोठ्या मशिदीच्या मिनारात जाऊन, आतून दार लावून घेऊन ते दिवसच्या दिवस चिंतनात घालवीत. ही मशीद बाप्तिस्मा करणाऱ्या संत योहानाच्या प्राचीन ख्रिस्तमंदिराच्या जागी उभी आहे आणि योहानाचे शिर म्हणून जपलेला अवशेष आजही तेथे आहे. मुसलमान त्याला यह्या या नावाने प्रेषित मानतात. दमास्कसनंतर ते जेरुसलेमला आणि पुढे हेब्रोनला गेले. हेब्रोन येथे पितामह अब्राहामाच्या कबरीपाशी त्यांनी व्रत घेतले: राजदरबारी जाणार नाही, राजाचे धन घेणार नाही आणि वादाच्या आखाड्यात उतरणार नाही.

केसाहून बारीक वाट

या भ्रमंतीच्या काळात 'इह्या उलूम अद-दीन', म्हणजे धर्मविद्यांचे पुनरुज्जीवन, हा त्यांचा महाग्रंथ सिद्ध झाला. त्याची चाळीस प्रकरणे चार भागांत विभागली आहेत: उपासना, दैनंदिन व्यवहार, नाशाकडे नेणारे दोष आणि तारणारे गुण. जेवणे, प्रवास, व्यापार, विवाह यांना उपासनेच्या शेजारी स्थान देणारी ही मांडणीच समतोलाची साक्ष देते.

प्रत्येक सद्गुण दोन दुर्गुणांच्या मधोमध असतो, ही ॲरिस्टॉटलची शिकवण आपल्याला संत थॉमस अक्वायनस यांच्यामुळे परिचित आहे. गझालींनीही ती आपलीशी केली. आततायीपणा आणि भित्रेपणा यांच्या मध्ये शौर्य, उधळेपणा आणि कंजुषी यांच्या मध्ये औदार्य. उपवासावर लिहिताना पोटाला जडपणाही जाणवू नये आणि भुकेची कळही उठू नये, इतके खावे, असा सल्ला ते देतात. मात्र हा मध्यबिंदू केसाहून बारीक आहे, त्यावर कोणी सदैव टिकून राहू शकत नाही, हेही ते बजावतात. म्हणूनच मुसलमान दिवसाच्या विहित नमाजांत सतरा वेळा सरळ मार्ग दाखवण्याची याचना करतो, असे त्यांनी म्हटले आहे. ज्याला आपण मध्यावर पोहोचल्याची खात्री वाटते, त्याचे पारडे बहुधा आधीच झुकलेले असते.

धर्मपंडितांनाही त्यांनी सोडले नाही. गावोगाव गैरमुस्लिम वैद्यांवाचून दुसरा वैद्य नाही, तरी कोणी वैद्यक शिकत नाही आणि सारे धर्मकायद्याच्या वादांकडे धावतात, कारण त्यातून अधिकार व पैसा मिळतो, असे त्यांनी खडसावले. आजाऱ्याला औषध देणे हेही समाजाचे धर्मकर्तव्य आहे, हा त्यामागील विचार.

दुसऱ्याच्या श्रद्धेचा न्याय

गझालींच्या तराजूची सर्वांत अवघड परीक्षा दुसऱ्याच्या श्रद्धेचा न्याय करताना झाली. बगदाद सोडल्यानंतर लिहिलेल्या 'फैसल अत-तफ्रिका' या छोट्या ग्रंथात त्यांनी कोणालाही उठसूट काफीर ठरवणाऱ्यांची कानउघाडणी केली. जो श्रद्धेची कबुली देतो आणि किब्ल्याकडे तोंड करून प्रार्थना करतो, त्याच्याविषयी शक्यतो जीभ आवरावी, असा त्यांचा उपदेश आहे. चुकून कोणाला दोषमुक्त सोडले, तर ती चूक चुकून निरपराध्याचे रक्त सांडण्यापेक्षा पुष्कळ हलकी, हे तत्त्व त्यांनी 'इक्तिसाद'मध्येच मांडले होते.

याच 'फैसल'मध्ये ते आपल्या काळातील बायझंटाइन ख्रिस्ती आणि दूरदूरचे तुर्क यांच्याकडे वळतात. यांतील बहुतेकांना देवाची दया लाभेल, अशी आशा ते व्यक्त करतात. इस्लामच्या बाहेरचे लोक ते तीन प्रकारचे मानतात. पहिले, ज्यांच्या कानी प्रेषितांचे नावच गेले नाही. त्यांना दोष नाही. दुसरे, ज्यांना सत्य यथार्थ कळले आणि तरीही ज्यांनी ते हट्टाने नाकारले. त्यांना मात्र सबब नाही. तिसरे, ज्यांनी नाव ऐकले, पण लहानपणापासून विपर्यस्त रूपातच ऐकले. हे तिसरे लोक पहिल्यांसारखेच निर्दोष, असा निर्वाळा ते देतात. ज्याने खोटे चित्र नाकारले, त्याने सत्य नाकारले असे म्हणता येत नाही.

हे लिहिणाऱ्याचा काळ लक्षात घेतला पाहिजे. गझाली जेरुसलेमला येऊन गेल्यानंतर थोड्याच वर्षांनी, १५ जुलै १०९९ रोजी, क्रुसेडरांनी ते शहर जिंकले आणि तेथील मुसलमान व ज्यू रहिवाशांची कत्तल केली. आपल्या इतिहासातील ते एक काळे पान आहे. अशा काळात ख्रिस्ती लोकांसाठी देवाच्या दयेचे दार उघडे ठेवणारा मुस्लिम धर्मपंडित होता, ही गोष्ट आपण कृतज्ञतेने नोंदवून ठेवावी. १९६४ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ख्रिस्तसभेविषयीच्या घटनापत्रकात, स्वतःच्या दोषावाचून ज्यांना शुभवार्ता कळली नाही त्यांनाही तारण लाभू शकते, असे शिकवले. दोन्ही शिकवणुकींची मुळे निरनिराळी आहेत आणि त्यांची सरमिसळ करणे योग्य नाही. तथापि न्याय करण्याचा अखेरचा अधिकार देवाचा, ही नम्रता दोन्हीकडे दिसते.

गझालींचा तराजू निर्दोष होता असे मात्र म्हणता येणार नाही. 'तहाफुत'मध्ये तत्त्वज्ञांचे वीस सिद्धान्त तपासताना त्यांनी सतरांना चूक म्हणून सोडले, पण तिहींना कुफ्र ठरवले आणि ती मते बाळगणाऱ्याला मृत्युदंड योग्य मानला. जगाचे अनादित्व, देवाला प्रत्येक लहानसहान घटनेचे ज्ञान नाही हे मत, आणि देहाच्या पुनरुत्थानाचा नकार, ही ती तीन. जीभ आवरण्याचा उपदेश करणाऱ्यालाही ती सर्वत्र आवरता आली नाही. कॉर्डोबाचा न्यायाधीश व तत्त्वज्ञ इब्न रुश्द (११२६–११९८) याने पुढे त्यांना सविस्तर उत्तर लिहिले.

मधल्या वाटेने चालणाऱ्याच्या नशिबी काय येते, हेही कॉर्डोबानेच दाखवले. तेथील कायदेपंडितांना 'इह्या'मधील टीका सहन झाली नाही. ११०९ मध्ये, गझाली हयात असतानाच, अल्मोराविद राजाच्या आज्ञेने त्या शहरात 'इह्या'च्या प्रती जाळण्यात आल्या. आणि ११९५ मध्ये गझालींचा प्रतिपक्षी इब्न रुश्द यालाही हद्दपारी भोगावी लागली व त्याचेही तत्त्वज्ञानाचे ग्रंथ अग्नीच्या स्वाधीन झाले. एकमेकांना खोडून काढणारे हे दोघे आगीने मात्र एका पंक्तीला बसवले.

ऐकण्याचा धर्म

निजाम-उल-मुल्कच्या पुत्राच्या आग्रहास्तव ११०६ मध्ये गझालींनी निशापूरला पुन्हा काही काळ शिकवले आणि ११११ मध्ये तूस येथे त्यांचे निधन झाले. त्यानंतर त्याच शतकात स्पेनमधील टोलेडो शहरी गुंडिसाल्व्हस या धर्माधिकाऱ्याच्या पुढाकाराने 'मकासिद'चे लॅटिन भाषांतर झाले आणि 'अल्गाझेल' हे नाव युरोपच्या विद्यापीठांत पोहोचले. दैवदुर्विलास असा, की तत्त्वज्ञांचे मत न्यायाने मांडणारा तो एकच ग्रंथ हाती आल्यामुळे आपल्या बहुतेक पंडितांनी त्याच्या कर्त्यालाच त्या मतांचा अनुयायी समजले. विपर्यस्त ऐकलेल्या माणसाला दोष देऊ नये असे सांगणारा हा आचार्य स्वतःच शतकानुशतके आपल्याकडे विपर्यस्त ऐकला गेला.

अशा ऐकीव अज्ञानावर उतारा शोधण्याचे काम आपल्या काळात दोन्ही बाजूंनी सुरू झाले. १९६५ च्या 'नोस्त्रा एताते' या घोषणापत्राने मुस्लिमांविषयी आदर व्यक्त करून जुनी भांडणे मागे टाकण्याचे आवाहन केले. ६ मे २००१ रोजी पोप दुसरे जॉन पॉल यांनी दमास्कसच्या त्याच मशिदीत प्रवेश केला आणि संत योहानाच्या स्मारकापाशी क्षणभर प्रार्थना केली. मशिदीत पाऊल ठेवणारे ते पहिले पोप. २००५ साली जॉर्डनच्या अम्मान शहरी पन्नासहून अधिक देशांतील सुमारे दोनशे मुस्लिम धर्मपंडित जमले आणि मान्य परंपरांच्या अनुयायांना काफीर ठरवण्यास त्यांनी एकमताने मनाई केली. 'फैसल'मधील जुना उपदेश त्या ठरावात पुन्हा ऐकू आला.

आपल्यासाठी हा विषय तितका दूरचाही नाही. गझाली हे इस्लामी धर्मकायद्याच्या शाफी परंपरेचे पंडित, आणि आपल्या किनाऱ्यावरचे कोकणी मुसलमानही शाफी परंपरेचेच. कुराणावर अरबी भाष्य लिहिणारे मखदूम अली माहिमी (१३७२–१४३१) हे त्याच परंपरेतले. बुधवारच्या नोव्हेनासाठी आपले भाविक ज्या माहीमला गर्दी करतात, त्याच माहीममध्ये त्यांचा दर्गा आहे. एकाच स्टेशनावर उतरून दोन वाटांना लागणाऱ्या या भाविकांना एकमेकांच्या श्रद्धेविषयी काय ठाऊक असते? बहुधा दुसऱ्या कोणी सांगितलेले, तेही एखाद्या भांडणाच्या दिवशी.

गझालींनी आपल्याला तराजू दिला आहे. शेजाऱ्याच्या धर्माविषयी मत बनवण्यापूर्वी ते त्याच्याच तोंडून, त्याच्याइतके समजून घ्यावे. समजल्यावर मतभेद राहिला तर तो स्पष्ट सांगावा. आणि त्याच्या अंतःकरणाचा निकाल मात्र ज्याला अंतःकरण दिसते त्याच्यावर सोपवावा. यात आपली श्रद्धा तसूभरही सैल करावी लागत नाही. हातातील तराजू आपल्या मालकीचा नाही, एवढे फक्त ध्यानी ठेवावे लागते.